लाली भिंतीवर राहणार नाही

नंद्या, तुझ्या फोटोला मी हार घातला नाही. सगळ्यांनी घातला. तुमच्या शेजारच्या काकूंनी तर माझ्या हातात फुलं कोंबली आणि "घाल गो बाय, घाल" म्हणत मागून ढकललंसुद्धा. मी ती फुलं ओट्यावर ठेवली आणि बाहेर येऊन अंगणात मासळीच्या जाळ्यांच्या ढिगावर बसले. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. तो फोटो तुझा नव्हेच मुळी. कुठल्यातरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला, केस पाणी लावून चापून बसवलेले, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. गिटारचा पट्टा मानेला घासतो म्हणून कॉलर मागे टाकून फिरणारा माणूस तू. त्या काचेतल्या शहाण्या बाळाला मी ओळखत नाही, हार कशाला घालू?

रडले नाही असं समजू नकोस. माझ्या सालवडच्या खोलीवर येऊन दार लावून घेतलं आणि शेजारच्या भाभींनी "क्या हुआ दीदी" म्हणून कडी वाजवेपर्यंत रडले. त्यानंतर जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि हे मी त्या रागातच लिहितेय. काय वागणं झालं हे? सकाळी फोनवर माझ्याशी भांडतोस, एडवणच्या हळदीला कुठली गाणी घ्यायची त्यावरून मला अक्कल शिकवतोस, आणि दुपारी छातीत कळ येऊन सरळ निघून जातोस? भांडण अर्धं टाकून जायची ही कुठली पद्धत? तू असतास तर दातओठ खाऊन विचारलं असतं. आता कागदावर विचारतेय, एवढाच फरक.

तर ऐक, तुझ्या मागे झालं काय ते.

तुझं कार्य उरकलं आणि परशादादाने सुताराला बोलावलं. मला वाटलं खिडकीचं काहीतरी असेल. तर नाही. तुझ्या लाल बास गिटारला काचेचं कपाट! तुझ्या फोटोच्या खाली, भिंतीत ठोकून, आत छोटा दिवासुद्धा. आपली लाली, जिला घेऊन तू शिरगावपासून एडवणपर्यंत प्रत्येक मांडवात धूळ खाल्लीस, ती आता देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी काचेत बसणार. मी म्हटलं, "दादा, हे काय?" तर तुझा दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "लाली आता कोनी वाजवायची नाय. माज्या भावाची हाय ती." मी म्हटलं, "तारा ताणलेल्या ठेवून टांगलीत तर मान वाकेल तिची." "वाकंल तर वाकंल," म्हणाला. मग आपल्या बेंजो पार्टीत बास कोण वाजवणार? त्यावर मला म्हणतो कसा, "तू हायस ना? कीबोर्डवर डाव्या हातानं दे. बटन दाबला का बासचा आवाज येतो. बाकीच्या पार्ट्या तसाच करतात."

नंद्या, मी तिथेच फुटले असते. पण तुझी आई आत होती, घर माणसांनी भरलेलं होतं, म्हणून गिळलं. परशादादाने माझा चेहरा बघितला असावा, कारण मागून आला आणि हळूच म्हणाला, "तुला आठवन पायजे तर ती काळी घेऊन जा." काळी! तुझी ती दुसरी गिटार, म्हणजे आपल्या दहा वर्षांच्या भांडणाचं मूळ. मी म्हटलं, "ती त्याची कधी झालीच नाही, मी काय करू तिचं?" आणि तिथून निघाले ती सरळ स्टँडवर.

तुझ्या दादाला वाईट माणूस म्हणत नाही मी. बेंजो वाजवताना त्याचे ओठ लहान पोरासारखे हलतात, तो माणूस वाईट असूच शकत नाही. त्याचा भाऊ गेलाय. पण भाऊ गेला म्हणून भावाचा आवाजही पुरायचा, हे मला पटलं नाही आणि पटणारही नाही.

लाली घ्यायला गेलो तेव्हा मी होते सोबत, आठवतं? वसईकडचा तो वाजवणारा आखाती देशात नोकरीला निघाला होता आणि घरातलं सगळं विकायला काढलेलं. त्याचा अ‍ॅम्प आधीच कोणीतरी उचलून नेला होता. मी म्हटलं, न ऐकता कशी घ्यायची? तू लालीला मांडीवर घेतलंस, तिच्या अंगाचं वरचं टोक निघतं त्या शिंगाला जबडा टेकवलास, डोळे मिटलेस आणि जाडी तार छेडलीस. तो माणूस माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं असणार, कुठल्या गावचं हे प्रकरण. तू मात्र एकेक तार, एकेक पडदा जबड्याने ऐकत बसलास. मध्येच एका ठिकाणी थांबून म्हणालास, "हिते जरा खरखरते, पन चालंल, स्वभाव हाय तिचा." रंग उडालेला, एक खुंटी दुसऱ्याच कुठल्या गिटारची. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, यापेक्षा बोईसरच्या दुकानात नवीकोरी मिळाली असती. तर म्हणालास, "नवी माजा ऐकत नाय. हिनं ऐकला."

मंडपात डोंबलाचं काही ऐकू येत नसे, डीजे, फटाके, नवरदेवाचे मामे. तेव्हाही तू तसाच जबडा टेकवून लाली लावून घ्यायचास. पोरं म्हणायची, नंदूदादा गिटारला पापी देतो.

आणि मग काळी. ती माझ्या हट्टाने आली हे मान्य. पाच तारांची, चकचकीत, मऊ अस्तराच्या काळ्या पिशवीसकट. मी म्हटलं, माणसाने पुढे जावं, सगळीकडे पाच तारा आल्या. तुझं म्हणणं, चार बोटांना पाचवी तार कशाला, ती काय वरची चटणी? आठवडाभर घरी वाजवलीस आणि पाचवी तार काढून ठेवलीस, चक्क. मला दाखवलीस, "बघ, आता बरोबर झाली." मी तुला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, तुझी आई हे वाचून घेणार आहे कोणाकडून तरी. त्यानंतर काळी पलंगाखाली गेली आणि आपलं भांडण वर राहिलं. चार का पाच. पिशवी का पेटी.

पेटी! देवा रे, ती पेटी. दुनियेतला कुठलाही शहाणा माणूस गिटारला खोका करून घेतो तो सुताराकडून. तू गेलास होडीला फायबर मारणाऱ्याकडे. बर्फाच्या दोन जुन्या पेट्या, मासळीच्या, कापून एकमेकींना जोडून घेतल्यास, वरून फायबर मारून, आत जुन्या जाळ्याची गादी. उचलायला दोन माणसं लागायची. मी म्हटलं, "नंद्या, ही गिटारची पेटी आहे का तिरडी?" तू म्हणालास, "घाटावरच्यांना काय कलनार? पाऊस पडू दे, टेम्पो उलटू दे, दर्यात पडू दे, माजी लाली सुकी राहील." घाटावरची म्हणजे मी. माझे वडील साताऱ्याकडून इथल्या कारखान्यात आले, माझा जन्म बोईसरचा, शाळा बोईसरची, पण तुझ्यासाठी मी कायम घाटावरचीच.

पण वास! लिंबू चोळलंस, चिंच चोळलीस, सोडा घातलास, आत उदबत्ती लावून झाकण बंद केलंस. सुक्या बोंबलाचा वास जाईल तर शपथ. उलट उदबत्ती लावलेल्या बोंबलाचा वास यायला लागला. बोईसरच्या त्या शाकाहारी मंडळींच्या हॉलमध्ये तू पेटी उघडलीस तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले होते. मॅनेजर धावत आला, "अरे भाई, अंदर मच्छी लाये हो क्या?" तू लाली बाहेर काढून त्याला दाखवलीस, "सूंघ लो साब, गिटार है." आणि त्याने खरंच वाकून हुंगली! हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पहिलं गाणं मी अर्धं चुकीचं वाजवलं. ते तुझ्या नावावर.

आणि कहर तर तेव्हा झाला, जेव्हा लाली दर्यावर गेली. तू पेटी सकाळी किनाऱ्यावर टेम्पोची वाट बघत ठेवलीस, तीही कुठे, तर बोटीत चढवायच्या बर्फाच्या पेट्यांच्या ओळीत. बाजूच्या टपरीवर चहा प्यायला गेलास. खलाशांनी ओळीतल्या सगळ्या पेट्या चढवल्या आणि बोट सुटली. तू हातातला ग्लास टाकून पाण्यात धावलास, कमरेपर्यंत गेलास, ओरडतोयस, "ए, माजी लाली, ए!" बोटीवरचे तुला हात हलवून निरोप देतायत. मासळीच्या गावात मासळीच्या पेटीत गिटार ठेवली की हेच होणार, हे मी बोंबलून सांगत होते की नाही? त्या संध्याकाळी हळदीला पलंगाखालून काळी काढावी लागली. एकदाच आली ती बाहेर. संपूर्ण वेळ तू अशा चेहऱ्याने वाजवलीस की नवरीच्या आईने विचारलं, यांच्या घरी काही झालंय का.

बोट परत आली तेव्हा अख्खं गाव किनाऱ्यावर, लाली बघायला. खलाशी पेटीवर बसून जेवले होते, झोपले होते, एकाने तर वर सुरमई कापली होती. पेटी उघडली. जाळ्याच्या गादीवर लाली कोरडी ठणठणीत. जबडा टेकवून छेडलीस, सूरसुद्धा उतरला नव्हता. तुझ्या चेहऱ्यावरचा तो माज! माझ्याकडे वळून फक्त एवढंच म्हणालास, "पिशवी?" मी गप्प बसले. त्या दिवशी मी खरोखर गप्प बसले, नोंद घे.

तेव्हापासून तुझ्या आईने लालीला होडीच मानलं. नारळी पौर्णिमेला होडीला हळदकुंकू लावलं की पेटी उघडायला लावायची आणि लालीच्या डोक्याला बोट लावायची. "दर्या बघून आलेली पोर हाय," म्हणायची. मी हसायचे. तू हसत नसायचास.

एक सांगायचं राहिलं होतं, ते इथेच सांगून टाकते, नाहीतर पुन्हा भांडणात राहून जाईल. मी पार्टीत नवीन होते तेव्हाची वरात. एक पिऊन तर्र झालेला माणूस माझ्या कीबोर्डला येऊन खेटला, म्हणे बाईला वाजवायला कशाला, नाचायला उतरवा. मी घाबरले होते. तू मागून वाजवत वाजवत पुढे आलास, एक सूर चुकला नाही, आणि लालीचं लांब डोकं त्याच्या छातीवर टेकवून त्याला तसाच मागे मागे नेऊन टेम्पोच्या पलीकडे सोडून आलास. म्हणालास, "बाजूला हो, बाय वाजवतेय." बस. नंतर त्यावर एक शब्द नाही, उपकार नाही. लोकांनी आपल्याबद्दल पुढे नको ते विचारलं, अजून विचारतात, तुझ्या मातीलाही विचारत होते. त्यांना सांगते, आमच्यात खूप काही होतं. मी वर वाजवायचे आणि तो खाली वाजवायचा. कोणाला ते कमी वाटत असेल तर तो त्याचा प्रश्न.

हळद वेळेवर सुरू झालीय असं कधी झालं नाही. त्या रिकाम्या वेळात तू टेम्पोत पेटीवर बसून लाली माझ्या मांडीवर टाकायचास. माझ्या बोटांना फोड यायचे, मी शिव्या द्यायचे, तू म्हणायचास, "दाब अजून, मेली नाय ती, दाब." चालीच्या चाली शिकवल्यास. मी विचारायचे, मला काय करायचंय हे शिकून? तर एकच रड, "सगल्यांना नाचवतो मी. माज्या सख्ख्या भावाच्या हलदीतपन मी मागंच, टेम्पोच्या टायरला टेकून. कवातरी तू वाजव, मी नाचतो." मी म्हणायचे, बघू. बघू म्हणता म्हणता राहिलं.

आणि आपलं सगळ्यात जुनं भांडण. बास कोणाला ऐकू येतो? मी म्हणायचे, कोणालाही नाही. गायक दिसतो, बेंजो ऐकू येतो, ढोल कानठळ्या बसवतो. तू सगळ्यांच्या मागे उभा राहून काय करतोस ते तुझ्या आईलासुद्धा माहीत नाही. तू चिडायचा नाहीस, त्याचाच मला राग यायचा. म्हणायचास, "कानाला नाय ऐकू येत. पायाला कलतो." मी म्हणायचे, दाखव. तू म्हणायचास, "दाखवीन एक दिवस. एका गान्यात मी थांबतो, मग बघ." पण थांबायला तुझा जीव कधी झाला नाही. समोर लोकं नाचत असताना तू थांबणार? शक्यच नव्हतं.

शिरगावची हळद तू जायच्या आधीच ठरलेली होती, सुपारी घेतलेली, शब्द दिलेला. नवरीच्या बापाला कोण नाही म्हणणार? दिवेलागणीच्या आधी टेम्पो भरायला घेतला आणि सामान बसेचना. तुझी पेटी तळाला असायची ना, तिच्यावर स्पीकर, स्पीकरवर ढोल. पेटी नाही तर काही जागेवर राहीना. पहिल्याच वळणाला वरचा स्पीकर घसरला आणि पोरांनी तो धरला. परशादादा पुढे ड्रायव्हरशेजारी बसून समोर बघत होता. त्याला आवाज आला असणार.

पहिलं गाणं सुरू झालं. मी उजवा हात कीबोर्डवर ठेवला आणि डावा हात कुर्त्याच्या खिशात घातला. ठरवून. अगदी थंड डोक्याने. मी तुझी जागा बटण दाबून भरणार नव्हते, कोणी काहीही म्हणो.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. ढोल जोरात, बेंजो जोरात. बायका उठल्या, हात वर गेले. आणि मग नंद्या, मी पाय बघत बसले, तू सांगितलं होतंस तसं. हात वर होते पण पाय जागच्या जागी अडखळत होते. आपल्या प्रत्येक हळदीत पुढे असते ती जाडी आत्या, पायात बळ नसल्यासारखी दोनदा थांबली, पदर सारखा केला आणि जाऊन खुर्चीवर बसली. तिच्या मागोमाग आणखी दोघी. नवरीचा काका धावत आला, "आवाज वाढवा रे, काय मेलेल्यासारखा वाजवता!" पोराने आवाज वाढवला. कान फुटायची वेळ आली, पण एक पाय उठला नाही. "अजून वाढव!" "अजून कुठं वाढवू काका, संपला!" आणि तेवढ्यात परशादादाने मान वळवून मागे बघितलं. टायरकडे. सवयीने. काही बिनसलं की तो तुझ्याकडेच बघायचा ना, तसा.

तिथे कोणी नव्हतं. त्याची बोटं बेंजोवर तशीच राहिली. मग त्याला माझा हात दिसला. "हात भायेर काढ," ओरडला, सगळ्यांसमोर. मी म्हटलं, "नाही काढणार. हे ऐका आधी. असं वाजतं तो नसला की." परशादादा बेंजो मांडीवर घेऊन तसाच बसला.

ते एकच गाणं मी तुला दिलं. त्या नवरीच्या बापाने काय पाप केलं होतं? पुढच्या गाण्यापासून डावा हात बाहेर काढला, बटण दाबलं आणि कसंबसं रेटून नेलं. जाडी आत्या परत उठली नाही. भांडण तू जिंकलास, आणि जिंकलास ते ऐकायला तू नाहीस, याचा मला जो संताप आला तो शब्दांत सांगता येत नाही. एवढी वर्षं थांबला नाहीस आणि थांबलास तर असा!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या घरी. भांडायलाच आले होते, तयारीने. अंगणात तुझी आई बांबूवर बोंबील टाकत होती, दोन दोन करून, जबड्यात जबडा अडकवून. परशादादा दारात. मी सुरू झाले, "दादा, तुम्ही लालीला काचेत ठेवलीत तर मी पार्टी सोडते. डाव्या हाताने मी त्याचं श्राद्ध घालणार नाही." दादाही उसळला. "माजा भाऊ गेला, तुजा कोन गेला? आं? कोन लागायचा तुजा तो?" मी म्हटलं, "ते मला माहीत नाही. पण तुम्ही त्याला दुसऱ्यांदा घालवताय." आवाज चढले. शेजारच्या काकू आल्या बाहेर, येणारच.

तुझ्या आईने हातातला बोंबील खाली ठेवला नाही. तिकडे तोंड करूनच म्हणाली, "परशा, तुजा बाप गेला तवा होडी वर काडून ठेवलेली. आठवते?"

तिने पुढचा बोंबील बांबूवर अडकवला.

"तूच म्हनालास, बाबाच्या होडीवर कोनी चडायचा नाय. मीपन म्हटला, नको. उन्हान तिच्या फल्या सुकल्या. भेगा पडल्या. कोनी नाय आला जवल. मग एक दिस त्या नंदूनच, ज्याला दर्याचा वास सोसायचा नाय, त्यान खलाशी गोला केले आनि होडी पान्यात ढकलली. तू त्याच्याशी महिनाभर बोलला नाय." तिने हात पदराला पुसले. "पन त्याच होडीवर तू पोटाला कमावलास ना? लाकूड बांदून ठेवला का फुटतो रे बाबा. माजा नंदू गेला. तिला कशाला फोडतोस?"

मला हे माहीत नव्हतं, नंद्या. तू कधी सांगितलं नाहीस. मला वाटायचं हट्ट फक्त माझ्याशीच करतोस.

परशादादा आत गेला. काच उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ तो बाहेर येईना. मग लालीला दोन्ही हातांवर आडवी घेऊन आला, लहान मूल आणतात तशी, पण माझ्या हातात दिली नाही. पडवीतल्या पेटीपाशी गेला, जाळं नीट पसरलं, लाली ठेवली, झाकण लावलं. मग माझ्याकडे बोट रोखून म्हणाला, "घेऊन जा. पन पेटीतूनच न्यायची. तुज्या त्या पिशवीत घालून नेलीस तर याद राक." म्हणजे पेटी का पिशवी हे भांडणही तू जिंकलास. गेल्यावर किती भांडणं जिंकायची माणसाने, काही मर्यादा?

तुझ्या आईने पेटी परत उघडायला लावली. देवापुढचं कुंकू आणलं आणि लालीच्या डोक्याला बोट लावलं. नारळी पौर्णिमा लांब होती, पण कोणी तिला काही विचारलं नाही.

आता पेटी माझ्या सालवडच्या खोलीत आहे. खोलीत दुसरं काही मावत नाही, मी तिच्यावर बसूनच हे लिहितेय. भाभींनी नाकाला ओढणी लावून विचारलं, "दीदी, मच्छी का धंदा शुरू किया क्या?" मी म्हटलं, हो, तसंच समजा. बोटांना पुन्हा फोड आलेत. काल पहिल्यांदा, कोणी नसताना, लालीच्या शिंगाला जबडा टेकवला आणि जाडी तार छेडली. आधी वास आला. बोंबील, उदबत्ती आणि तुझ्या घामाचा तो पट्टा. मग दातांतून डोक्यापर्यंत सूर चढला आणि मी रडले, जोरात, लपवत नाही. एक पडदा खरखरतो. चालेल. स्वभाव आहे तिचा.

पट्टा मात्र मी आवळला. तुझ्या मापाने लाली माझ्या गुडघ्यांना लागत होती. तुझ्या बकलाची खूण चामड्यावर आहे तिथे आहे, माझी तिच्या वर केली. रागावलास तर रागाव. परत मागितलीस तरी लाली मिळायची नाही.

उद्या एडवणची हळद. टेम्पोत पेटी सगळ्यात आधी चढेल, तळाला, आणि सामान बसेल जागेवर. कीबोर्ड पार्टीतला एक पोरगा सांभाळेल, परशादादा बेंजोवर पुढे असेल, आणि मागे वळून बघेल तेव्हा टायरला टेकून मी असेन. ती जागा आता माझी आहे, तिथे येऊन उभा राहू नकोस. सगळ्यांना नाचवून झालं तुझं. तू पुढे जा, जाड्या आत्याच्या शेजारी, आणि नाच.